सत्तर हजार फुटांवरची नोकरी

विमान वर चढत नाही, ही तक्रार चाचणी वैमानिकांच्या तोंडी नवी नाही. टोनी लेव्हिएची तक्रार नेमकी उलटी होती. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडाच्या वाळवंटात, ग्रूम लेक नावाच्या कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रावर, तो लॉकहीड कंपनीचं एक नवं विमान नुसतं जमिनीवर पळवून बघत होता. वेग ताशी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरला पोचला आणि पंखांनी आपण होऊन हवा धरली. लेव्हिएच्या लक्षात येईपर्यंत विमान पस्तीसेक फूट वर गेलं होतं. खाली आणताना ते आपटलं, उसळलं, टायर फुटले, ब्रेकने पेट घेतला. तीन दिवसांनी, ४ ऑगस्टला, ठरवून केलेल्या उड्डाणातही तोच प्रकार. मुख्य रचनाकार केली जॉन्सन याचं म्हणणं होतं, पुढची चाकं आधी टेकव. लेव्हिएला ते पटलेलं नव्हतं, तरी त्याने करून पाहिलं, आणि विमान धावपट्टीवर उड्या घेऊ लागलं. पुन्हा वर, पुन्हा एक फेरी. तिकडून वादळी पाऊस तळ्याच्या दिशेने सरकत होता. शेवटी लेव्हिएने स्वतःच्या मनाप्रमाणे केलं. पंखांची उचल अगदी संपत येईपर्यंत विमान जमिनीलगत धरून ठेवलं आणि पुढची-मागची चाकं एकदमच टेकवली.

या विमानाचं नाव यू-टू. त्याला जमीन नकोशी असण्याचं कारण त्याच्या जन्मातच आहे. सोव्हिएत संघाच्या आत काय चाललंय, किती बाँबफेकी विमानं आहेत, क्षेपणास्त्रं कुठे उभी राहताहेत, हे पाहायला तेव्हा उपग्रह नव्हते. शत्रूची लढाऊ विमानं साधारण पन्नास हजार फुटांच्या आतबाहेर दमतात. आपण सत्तर हजारांवरून गेलो तर कोणी हात लावू शकणार नाही, कदाचित रडारलाही दिसणार नाही, असा अमेरिकेचा हिशोब होता. सत्तर हजार फूट म्हणजे एकवीस किलोमीटरहून जास्त. आपण मुंबईहून दिल्लीला जातो ती विमानं याच्या साधारण निम्म्या उंचीवर असतात.

एवढं वर जायचं तर वजन नको. जॉन्सनने जे काढता येईल ते काढलं. धडापेक्षा कितीतरी लांब, ग्लायडरसारखे पंख दिले: पहिल्या यू-टूचा पंखविस्तार २४ मीटर, आजच्या यू-टूचा ३१. शेपटीचा भाग धडाला अवघ्या तीन बोल्टनी जोडला. नेहमीच्या विमानाला पोटाखाली तीन जागी चाकं असतात. इथे पुढे एक जोडी आणि मागे एक जोडी, तीही एका रेषेत. पंख जमिनीला टेकू नयेत म्हणून उड्डाणाच्या वेळी दोन्ही बाजूंना टेकू देणारी चाकं लावतात, आणि विमान उचललं की ती गळून धावपट्टीवरच पडतात. उतरताना ती नसतात. तो तोल वैमानिकाने सांभाळायचा.

इंधनाचीही अडचण होती. त्या उंचीवर हवेचा दाब इतका कमी की साधं विमानाचं इंधन टाकीतल्या टाकीत उकळून उडून जाईल. म्हणून शेल कंपनीने सहजासहजी न उडणारं खास केरोसीन तयार केलं. त्यासाठी लागणारा कच्चा माल एरवी ‘फ्लिट’ या कीटकनाशक फवाऱ्यात जात असे. परिणामी १९५५ मध्ये अमेरिकेत फ्लिटचा तुटवडा पडला. दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना त्याचं कारण कळणं शक्यच नव्हतं.

इंधनाचं जे होतं तेच माणसाच्या शरीरातल्या पाण्याचं होऊ शकतं. डोंगरमाथ्यावर डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. असंच वर वर जात राहिलं तर सुमारे १९ किलोमीटरवर, म्हणजे त्रेसष्ट हजार फुटांच्या आसपास, पाणी माणसाच्या अंगाच्या तापमानालाच उकळू लागतं. उघड्या शरीरावर तिथे लाळेचे, डोळ्यांतल्या ओलाव्याचे बुडबुडे होतात, आणि शुद्ध जायला काही सेकंद पुरतात. यू-टूचा वैमानिक या रेषेच्या वर दिवसभर बसलेला असतो. त्याच्या आणि त्या पोकळीच्या मध्ये असतात कॉकपिटची काच आणि अंगावरचा सूट. इंजिन बंद पडलं की कॉकपिटचा दाबही जातो, मग उरतो फक्त सूट.

म्हणून उड्डाणाची तयारी आधी शरीरापासून सुरू होते. न्याहारी ठरलेली: प्रथिनं भरपूर, चोथा कमी; अंडी आणि मांस ही जुनी रीत. कारण पुढचे नऊ, दहा, कधी बारा तास जागेवरून उठता येणार नाही. वैद्यकीय तपासणी होते. मग सूट चढवणारे तंत्रज्ञ येतात. हा सूट मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरची डेव्हिड क्लार्क कंपनी बनवते. पहिल्या यू-टू वैमानिकांचे सूटही तिचेच होते, आणि अंतराळवीरांसाठीही तिने सूट शिवले. वजन पंधरा-सोळा किलो. तो एकट्याने घालता येत नाही. कोणी बाही ओढतं, कोणी गळ्याभोवतीचं धातूचं कडं बसवतं, कोणी हातमोजे कुलूपबंद करतं. शिरस्त्राण बसलं की बाहेरची हवा बंद. त्यानंतर सुमारे तासभर वैमानिक आरामखुर्चीत पडून शुद्ध प्राणवायू घेत राहतो, रक्तातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून. तो आत राहिला तर वर दाब घटताच त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यांत, फुप्फुसांत, मेंदूत घुसतात. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्यांना हाच आजार होतो. विमानाकडे चालत जाताना प्राणवायूचा साठा हातातल्या पेटीत असतो, कारण मधल्या काही पावलांपुरतीही साधी हवा श्वासात आली तर सगळी मेहनत वाया.

एकदा बसलं की नाक खाजवलं तरी चालणार नाही, कारण नाकापर्यंत हात पोचतच नाही. पाणी आणि जेवण नळीतून. टूथपेस्टच्या मोठ्या ट्यूबसारख्या ट्यूबमध्ये मऊ केलेलं अन्न भरलेलं असतं, त्याला लांब नळी लावतात आणि शिरस्त्राणाला ठेवलेल्या बारीक, हवाबंद छिद्रातून ती तोंडात सरकवतात. कॉकपिटमध्ये ट्यूब गरम करायची सोयही आहे. हे अन्न अमेरिकी लष्कराच्या नॅटिक इथल्या प्रयोगशाळेत तयार होतं. चिकन असतं, पीचचा गोड पदार्थही असतो. लघवीसाठी सूटमध्येच नळीची व्यवस्था. तरीही शरीर कोरडं पडत जातं. सुरुवातीच्या काळात आठ तासांच्या उड्डाणात वैमानिकांचं दीड ते पावणेतीन किलो वजन उतरत असे.

आता प्रत्यक्ष उडवणं. सत्तर हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या सतराव्या हिश्श्याइतकी विरळ. पंखांना उचल मिळावी म्हणून पुरेशा वेगाने जावं लागतं, नाहीतर विमान कोसळतं. पण वेग थोडा जरी जास्त झाला तरी पंखांवरून वाहणारी हवा ध्वनीच्या वेगाला भिडते, विमान थरथरू लागतं आणि नाक खाली घालून सुटतं. अशा वेळी नाजूक पंख आणि ती तीन बोल्टची शेपटी निखळू शकते. खालच्या हवेत या दोन मर्यादांमध्ये ताशी शेकडो किलोमीटरचं अंतर असतं. वर जाता जाता त्या जवळ येतात, आणि पहिल्या यू-टूमध्ये कमाल उंचीवर त्यांच्यात ताशी जेमतेम दहा किलोमीटरची फट उरत असे. वैमानिक या जागेला ‘कॉफिन कॉर्नर’ म्हणतात. दोन्ही बाजूंचा इशारा सारखाच, थरथर. ही थरथर मंद झाल्याची की वेगवान झाल्याची हे क्षणात ओळखावं लागतं, कारण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. वळण घेताना तर आतला पंख मंद आणि बाहेरचा पंख वेगवान, म्हणजे एकाच विमानाला दोन्ही दुखणी एकदम. ऑटोपायलट असतो, पण तो कधी सोडून देईल याचा भरवसा धरून कोणी बसत नाही. तासन् तास हे असं, आणि त्यातच नकाशा, कॅमेरा, इंधनाचा हिशोब.

आणि एवढं सगळं झाल्यावर, दहा तासांनी, थकलेल्या हातांनी उतरणं. जड सुकाणू, शिरस्त्राणामुळे आकसलेली नजर, सूटमध्ये अडकलेले हात. विमान अजूनही लेव्हिएच्या वेळेसारखंच, खाली यायला नाखूश. म्हणून यू-टूच्या तळांवर एक वेगळीच पद्धत रूढ झाली. विमान धावपट्टीवर येताच मागून एक शक्तिशाली मोटार सुसाट सुटते. ती चालवणाराही यू-टूचाच वैमानिक असतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वेगाने विमानाच्या शेपटीमागे धावत तो रेडिओवर उंची सांगत राहतो: दहा फूट, आठ, पाच, तीन, दोन. दोन फुटांवर विमान धरून ठेवायचं, उचल संपू द्यायची, मग ते बसतं. बसल्यावरही काम संपत नाही. वेग मंदावत जाईल तसा पंखांचा तोल सुकाणूवर सांभाळायचा. थांबल्यावर एक पंख हळूच कलून जमिनीला टेकतो आणि जमिनीवरची माणसं पळत येऊन टेकूची चाकं पुन्हा बसवतात. विमानशास्त्राच्या इतिहासात इतकी प्रगत यंत्रं झाली, पण दोन वैमानिकांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर रोज असं उतरणारं दुसरं विमान सापडणं अवघड आहे.

४ जुलै १९५६ रोजी हर्वी स्टॉकमनने पश्चिम जर्मनीतून उड्डाण करून यू-टू पहिल्यांदा सोव्हिएत संघावर, लेनिनग्राडपर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी कारमाइन व्हिटो मॉस्कोवरून गेला. कॅमेऱ्याने अपेक्षेपेक्षा जास्त दिलं. साठ हजार फुटांवरून अडीच फुटांची वस्तू ओळखू येत होती. पण हिशोबाचा निम्मा भाग पहिल्याच दिवशी कोसळला होता. सोव्हिएत रडारने विमान पाहिलं होतं. मिग विमानं खालून पाठलाग करत, वर झेपावत आणि दमून खाली घसरत. वैमानिकाला ती दिसत. त्याच्याकडे एकही शस्त्र नसे.

याच व्हिटोची एक हकिकत सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या अधिकृत इतिहासात नोंदलेली आहे. वैमानिकांना, पकडले गेलात तर इच्छेनुसार वापरा म्हणून, सायनाइडची कुपी दिली जात असे. त्याच वर्षी डिसेंबरमधल्या एका मोहिमेत व्हिटोने खिशातल्या लिंबाच्या गोळ्या चघळत असताना चुकून कुपीच तोंडात टाकली. चव लागेना, गोळी गुळगुळीत, म्हणून त्याने काढून पाहिली. दाताखाली फुटली असती तर काही सेकंदांचा प्रश्न होता. त्यानंतर त्या कुप्या छोट्या डबीत ठेवायला सुरुवात झाली.

फ्रान्सिस गॅरी पॉवर्सची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. १ मे १९६० रोजी पाकिस्तानातल्या पेशावरहून निघून सोव्हिएत संघ आडवा ओलांडायचा आणि नॉर्वेत उतरायचं, असा बेत होता. स्वेर्दलोव्स्कजवळ एस-७५ क्षेपणास्त्र विमानामागे फुटलं. नारिंगी झगझगाट, शेपटी गेली, विमान गरगरत पडू लागलं, सूट फुगला. आसन उडवून बाहेर पडावं तर पाय कॉकपिटच्या चौकटीत अडकून तुटले असते. म्हणून त्याने काच सोडवली आणि अंगानेच बाहेर निघाला. विमान नष्ट करणाऱ्या कळांपर्यंत हात पोचला नाही. त्या गोंधळात सोव्हिएत क्षेपणास्त्राने त्यांचंच एक मिग-१९ पाडलं आणि सर्गेई साफ्रोनोव्ह हा वैमानिक मेला. जगाला लक्षात राहिला तो पॅरिस परिषदेचा बोजवारा आणि ‘हवामान संशोधनाचं विमान होतं’ ही उघडी पडलेली थाप. अध्यक्ष आयझेनहॉवरना सल्लागारांनी सांगून ठेवलं होतं की अशा उंचीवरून पडलेला वैमानिक जिवंत सापडणार नाही. तो जिवंत सापडला, आणि मायदेशी काहींच्या लेखी हाच त्याचा गुन्हा ठरला. १९६२ मध्ये बर्लिनजवळच्या ग्लीनिके पुलावर सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेलच्या बदल्यात त्याची सुटका झाली, तेव्हा त्याला सोबत दिलेली विषाची सुई का वापरली नाहीस, असं विचारणारे लोक होते. चौकशीत तो निर्दोष ठरला. ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक मात्र मिळालं २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. ही दिरंगाई क्षुद्रपणाची होती, दुसरा शब्द नाही.

पण या विमानाने माणसाकडून काय मागितलं हे कळायला पॉवर्सपेक्षा चार्ल्स मॉल्ट्स्बीची रात्र जास्त उपयोगाची आहे.

तारीख २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबा पेचप्रसंगाचा सर्वांत वाईट दिवस. मॉल्ट्स्बी क्यूबापासून हजारो मैल दूर, अलास्कातल्या आयल्सन तळावरून मध्यरात्री निघाला होता. काम साधं वाटावं असं: उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन सोव्हिएत अणुचाचण्यांची धूळ हवेतून गोळा करायची आणि परतायचं. ध्रुवाजवळ होकायंत्र निरुपयोगी, म्हणून सेक्स्टंटने तारे पाहून वाट काढायची. ध्रुवाच्या आसपास उत्तर ध्रुवीय प्रकाशाचे पडदे आकाशभर झळझळू लागले. तारे दिसेनात, दिसले तर ओळखू येईनात. त्याने अंदाजाने वळण घेतलं आणि ते चुकलं. अलास्काऐवजी तो सायबेरियाच्या चुकोत्का भागाकडे निघाला.

परतीच्या वाटेवर एक बचाव विमान त्याची वाट पाहत होतं. ते आकाशात प्रकाशगोळे सोडत राहिलं, मॉल्ट्स्बीला एकही दिसला नाही. मग त्या विमानातल्या नॅव्हिगेटरने रेडिओवर विचारलं, ओळखीचा कोणता तारा दिसतोय? मॉल्ट्स्बीला मृग नक्षत्र दिसत होतं, नाकाच्या किंचित डावीकडे. तिकडे पंचांगासारखे तक्ते उघडले गेले, तारे आणि वेळ यांचा मेळ घातला गेला आणि त्याला वळायला सांगितलं गेलं. तेवढ्यात रेडिओवर दुसराच आवाज आला. त्याने मॉल्ट्स्बीचं सांकेतिक नाव घेऊन उलट दिशेला वळायला सांगितलं. मॉल्ट्स्बीने फक्त आपल्याच माणसाला ठाऊक असलेला खुणेचा शब्द विचारला. उत्तर आलं नाही.

बचाव विमानाचा आवाज क्षीण होत गेला. मग रेडिओवर एक केंद्र लागलं, स्पष्ट: रशियन लोकसंगीत. त्याला आता कळलं आपण कुठे आहोत. मॉल्ट्स्बी कोरियाच्या युद्धात पकडला गेला होता आणि चिनी कैदेत त्याने दीड वर्षाहून जास्त काळ काढला होता. तसे दिवस पुन्हा नकोत, एवढाच विचार. त्याने ते संगीत नेमकं पाठीमागे येईल असं विमान वळवलं. खालून सोव्हिएत मिग विमानं त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती. अलास्कातून अमेरिकेची एफ-१०२ विमानं त्याला गाठायला निघाली, आणि त्या दिवसांच्या सज्जतेनुसार त्यांच्यावर अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं होती. एका भरकटलेल्या वैमानिकाभोवती काय काय घडू शकलं असतं याचा विचार आजही अंगावर काटा आणतो.

इंधन संपत आलं होतं. उतरताना लागलं तर असावं म्हणून मॉल्ट्स्बीने पंचाहत्तर हजार फुटांच्या आसपास स्वतःच इंजिन बंद केलं. सूट फुगून ताठ झाला, शिरस्त्राणाच्या काचेवर धुकं धरलं, आत फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. लांब पंखांनी आता आपलं काम केलं. विमान तरंगत राहिलं. क्षितिज उजाडू लागलं तेव्हा दोन्ही बाजूंना दोन विमानं आली, अमेरिकेची. त्यांनी त्याला कोट्झेब्यूच्या बर्फाळ धावपट्टीकडे नेलं. तिथेही विमान खाली बसायला तयार नव्हतं, ते हवेतच पुढे पुढे सरकत राहिलं. मग उचल संपून बर्फावर घसरत थांबलं. दहा तास पंचवीस मिनिटं. त्याचे पाय इतके बधिर झाले होते की दुसऱ्यांनी उचलून त्याला बाहेर काढलं.

त्याच दिवशी क्यूबावर मेजर रुडॉल्फ अँडरसनचं यू-टू क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. तुकड्यांनी त्याचा प्रेशर सूट भेदला. त्या उंचीवर तेवढंच पुरेसं होतं. तो पस्तीस वर्षांचा होता.

तैवानच्या वैमानिकांचं दुःख आणखी वेगळं. ‘ब्लॅक कॅट’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची तुकडी १९६२ पासून चीनवर यू-टू उडवत होती. पाच विमानं चीनने पाडली. येह चांग-ती आणि चांग ली-यी हे दोघे जिवंत पकडले गेले. १९८२ मध्ये चीनने त्यांना हाँगकाँगमध्ये सोडून दिलं, तेव्हा ज्या सरकारसाठी ते उडाले त्याच सरकारने त्यांना परत घेतलं नाही. दोघे अमेरिकेत स्थायिक झाले. तैवानचं दार त्यांच्यासाठी उघडलं १९९० मध्ये.

भारताचा या विमानाशी संबंध आला तो १९६२ च्या चीन युद्धानंतर. पंडित नेहरूंनी चीनच्या सीमेवर यू-टूच्या टेहळणीला संमती दिली. विमानं आधी थायलंडच्या ताखलीहून येत. मग ओडिशात कटकजवळचा दुसऱ्या महायुद्धातला चारबतिया तळ दुरुस्त करण्यात आला. २४ मे १९६४ रोजी तिथून पहिली मोहीम झाली. तीन दिवसांनी नेहरू गेले आणि काम थांबलं. त्याच डिसेंबरमध्ये पुन्हा काही मोहिमा झाल्या. सामान्य भारतीयांना याची सविस्तर माहिती मिळाली ती २०१३ मध्ये सीआयएची कागदपत्रं खुली झाल्यावर.

आपल्या हवाई दलाची स्वतःची टेहळणी मात्र त्याआधीपासून चालू होती, कॅनबेरा विमानांतून. ती यू-टूइतकी वर जात नसत. एप्रिल १९५९ मध्ये रावळपिंडीवर एक कॅनबेरा पाकिस्तानने पाडलं. सेनगुप्ता आणि रामपाल हे दोघेही अधिकारी बचावले. जगमोहन नाथ यांनी १९६२ च्या युद्धापूर्वी अक्साई चीन आणि तिबेटवर एकट्या विमानाने अनेक उड्डाणं केली, १९६५ मध्ये पाकिस्तानात खोलवर गेले, आणि दोनदा महावीरचक्राचे मानकरी ठरले. चिनी सैन्याची जमवाजमव आपल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होती, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. ज्यांच्यासमोर ती छायाचित्रं गेली त्यांनी वेळेवर मनावर घेतलं असतं तर, हा प्रश्न वाचकाला अस्वस्थ करतो. १९८१ ते २००६ या काळात बरेलीच्या १०२ क्रमांकाच्या तुकडीकडे मिग-२५ होती. तिचा मार्ग वेगळा: वीस किलोमीटरवरून ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने निघून जायचं. त्या वेगाला अंग तापतं म्हणून सांगाडा मुख्यतः पोलादाचा. प्रेशर सूट मात्र तिथेही चुकला नाही.

उपग्रह आले, मानवरहित विमानं आली, यू-टूला निवृत्त करण्याच्या तारखा ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेवर तरंगणाऱ्या चिनी फुग्याजवळून एक यू-टू गेलं, आणि वैमानिकाने कॉकपिटमधून काढलेलं छायाचित्र अमेरिकी संरक्षण खात्याने प्रसिद्ध केलं. फुगा साठ हजार फुटांवर होता. वैमानिक त्याच्याकडे वरून खाली पाहत होता. अशा अचानक उगवलेल्या कामाला काही तासांत निघून, डोळ्यांनी पाहून, मार्ग बदलून जवळ जाता येणं, हे अजून माणूस बसलेल्या विमानालाच सर्वांत सोपं जातं.

त्याची जी किंमत शरीर मोजतं ती उशिरा मोजली गेली. यू-टूच्या कॉकपिटमधला दाब अनेक दशकं एकोणतीस हजार फुटांच्या बरोबरीचा होता, म्हणजे वैमानिक दिवसभर एव्हरेस्टच्या माथ्यावर बसल्यासारखा. अफगाणिस्तान आणि इराकच्या युद्धांत मोहिमा लांबल्या, त्यांची संख्या वाढली, आणि नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आजार वारंवार दिसू लागला. तोवर अनेकजण तो लपवत, कारण सांगितलं तर उड्डाण बंद होण्याची भीती. २००६ मध्ये एका वैमानिकाला तो हवेतच इतका जडला की समोरची उपकरणंही त्याला नीट वाचता येईनात. कसाबसा तो खाली आला. २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात १०२ यू-टू वैमानिकांच्या मेंदूच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विमान न उडवणाऱ्या ९१ जणांशी तुलना करता त्यांच्या मेंदूच्या श्वेत भागातल्या जखमांची संख्या सुमारे तिप्पट आणि आकारमान जवळजवळ चौपट निघालं. रोजच्या जगण्यात बहुतेकांना काही जाणवत नव्हतं, पण चित्र दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं.

एव्हाना हवाई दलाने कॉकपिटची रचना बदलायला घेतलीच होती. दाब वाढवून आतली उंची पंधरा हजार फुटांवर आणली गेली, लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपेक्षाही कमी. विमानाचा सांगाडा या जादा दाबाला पुरेल का, हे आधी तपासावं लागलं, कारण वजन वाचवण्यासाठीच तर तो इतका हलका केला होता. पुरला. बदल केलेल्या विमानांत या आजाराचे प्रकार एकदम घटले. कॅलिफोर्नियातल्या बील तळावर नवे वैमानिक आता याच कॉकपिटमध्ये तयार होतात, आणि उतरताना त्यांच्या मागे मोटार अजूनही धावते.